समुद्रसशाचं पाणी

समुद्रससा हा ससा नाही. ती एक गोगलगाय आहे, पाठीवर शंख नसलेली, समुद्रात राहणारी. डोक्यावरची दोन शिंगं सशाच्या कानांसारखी दिसतात, म्हणून कुणीतरी तिला ससा म्हटलं आणि ते चिकटलं. त्यातली एक जात आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, ओहोटी लागली की खडकांमधल्या डबक्यांत सापडते. हिरवट, चिखलाच्या रंगाची, आणि अंगभर मऊ झिरमिळ्या. लांबून वाटावं की भांडी घासायचा चोथा कुणीतरी टाकून दिलाय. वाकून बघितलं की त्या चिंध्यांमधून निळे ठिपके चमकतात. मोरपिसाच्या डोळ्यात असतो तो निळा. त्याला डिवचलं तर जांभळी शाई सोडतो आणि तिच्या आडोशाने सरकून जातो. शास्त्रीय नाव बर्सेटेला. मी आपली त्याला चिंध्यांचा ससा म्हणायची.

हे सगळं आधी सांगायचं कारण, खालापूर-कर्जतकडच्या माणसाने हा प्राणी बघितलेला नसतो. आमच्याकडे डोंगर, भाताची खाचरं आणि हायवे. जिल्हा किनाऱ्याचा, पण आमच्या वाट्याला किनारा नाही. समुद्र बघायचा तर एसटी बदलत पेणवरून जायचं आणि त्यात दिवस घालवायचा. माझ्या आईने समुद्र बघितला तो डोक्याचे केस पांढरे झाल्यावर.

मी बघितला कॉलेजच्या सहलीत. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले ती आमच्या घरातली मी पहिली, आणि वस्तीतलीही पहिलीच. वडील रेल्वेत गँगमन. कर्जतच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी रुळांवर काम. ते सही करायचे, आई अंगठा. आम्ही बौद्ध. कुंभिवलीच्या पुढे, हायवेच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. गावापासून जेवढी लांब असायला हवी असं गावाने पूर्वीच ठरवलेलं, तेवढी लांब.

कॉलेजात हा प्राणी आम्हाला शिकवला तो बाटलीतला. स्पिरिटमध्ये ठेवला की त्याचे सगळे रंग जातात. निळे ठिपके जातात, हिरवा जातो, झिरमिळ्या अंगाला चिकटतात. उरतो राखाडी गोळा. त्याचंच चित्र आम्ही पेन्सिलीने काढायचो आणि बाणाच्या टोकाशी नावं लिहायचो. मग सहलीत मी तो जिवंत बघितला. डबक्यात तो कडेकडेने चालला होता, पाठीवरची चीर उघडत होता, मिटत होता. त्या चिरेच्या आत त्याचे कल्ले असतात, तो श्वास घेत होता. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून सरांना ओरडून सांगितलं, "सर, हा तर देखणा आहे!" सगळे हसले. मला काही वाटलं नाही. बाटलीतला बघून शिकलेल्याला काहीच कळलेलं नसतं, हे माझं मत त्या दिवशी झालं ते आजही आहे.

तर गोष्ट सत्तरच्या दशकातली, माझं बी.एड. नुकतंच झालं तेव्हाची. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली. शाळा कुठली ते सांगत नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, उरलीत ती थकलेली असतील, आणि मला कुणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत. जे झालं ते मात्र सांगणार.

जागा राखीव होती. म्हणजे ती आमच्यातल्याच कुणाला तरी द्यायची असा सरकारचा नियम. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "सोमवारी नववीच्या वर्गावर एक पाठ घ्या. कमिटीचे चेअरमन स्वतः बसतील. विषय तुमच्या पसंतीचा." मी म्हटलं, "मृदुकाय प्राणी घेते, सर. जिवंत प्राणी आणते. मुलांना हाताळू देते."

"जिवंत? अहो, तक्त्यावर दाखवा की. सगळे तक्त्यावरच दाखवतात."

"म्हणूनच मुलांना येत नाही, सर."

ते हसले. मला वाटलं, कौतुकाने हसले.

ही नोकरी मला किती हवी होती ते लपवण्यात अर्थ नाही. घराजवळची शाळा. वडिलांचे गुडघे गेलेले. आईने मला कॉलेजात पाठवलं तेव्हा वस्तीतल्या बायका म्हणायच्या, "शिकवून काय करतेस गं, पोरगी मुंबईवालीच व्हनार." आईला त्यांना दाखवायचं होतं की पोरगी शिकून इथेच उभी राहते, आणि गावातली पोरं तिला बाई म्हणतात. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी आई दोन वर्षं रात्रीचं जेवण टाळत आली होती, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.

रविवारी समुद्रावर जायचं ठरलं. मी माळ्यावरून लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या काढल्या आणि राखेने घासायला बसले. आई दारात उभी.

"ह्याच्यात आननार?"

"हो. एकीत तो, दुसरीत जास्तीचं पाणी. वाटेत बदलायला."

"आपल्या बरनीत नको आनू गं. नवी घे बाजारातून. नायतर शाळेतच माग भांडं."

"का?"

आई जवळ आली. मग म्हणाली, "का म्हंजे काय? तुला म्हाईत नाय?"

मला माहीत होतं. मी म्हटलं, "आई, मी ग्रॅज्युएट आहे. ते लोक पण शिकलेले आहेत. समुद्राच्या पाण्याला काय होतंय?"

"पान्याला काय बी होत नाय," आई म्हणाली. "मानसाला होतं."

मी बरण्या घासत राहिले. आईचं बरोबर निघालं, आणि त्याचाच राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रविवारी ओहोटी सकाळी उशिरा होती. रेवदंड्याच्या अलीकडे खडकात मी पदर खोचून उतरले. थंडीचे दिवस, त्या दिवसांत हे प्राणी पुष्कळ असतात. शेवाळावर चरतात. कालवं काढणारी एक कोळीण माझ्याकडे बघत होती. मी एक धट्टाकट्टा ससा ओंजळीत उचलून बरणीत सोडला तशी ती म्हणाली, "याचं कालवन नाय होत, बाय."

"मला कालवण नाही करायचं. शाळेत न्यायचाय."

"शाळंत? कितवीत घालतंस त्याला?"

आम्ही दोघी हसलो. तिने मला तिच्या भांड्याने खडकाच्या पलीकडचं, वाळू नसलेलं स्वच्छ पाणी बरणीत भरून दिलं. बरणी हातात धरली, काठाला हात लावला, तोंड पुसून दिली. मी कोण, कुठली, तिने विचारलं नाही.

परतीच्या एसटीत बरण्या मांडीवर. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, लोणचं सांडलं तर मागचा शेठ ओरडेल हां."

"लोणचं नाही. जिवंत आहे."

"जिवंत? मग त्याचं अर्धं तिकीट काढा."

पेणला गाडी बदलली. वाटेत दोनदा मी पाणी वाटीने उपसून उंचावरून परत बरणीत सोडलं, म्हणजे त्यात हवा मिसळते. शेजारची म्हातारी बघत होती. तिला वाटलं मी काहीतरी व्रत करतेय. तिने हात जोडले.

घरी पोचले तोवर ऊन उतरलं होतं. बरणी ओट्यावर सावलीत ठेवली. वस्ती जमा झाली. वडील चष्मा लावून वाकले. ससा काचेत नव्हता, चिनी मातीच्या बरणीत होता, त्यामुळे एकेकाने वरून डोकावायचं. "आयला, निळं बघ कसं!" "डोळं हाईत का त्ये?" "डोळं नाय रं, ठिपकं." आई सगळ्यात शेवटी आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चिंध्या नेसलाय, पन खाली जरी हाय गं." अशा शब्दांत त्याचं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

सोमवारी सकाळी तो चांगला होता. बरणीच्या बुडाशी फिरत होता. मी शाळेत लवकर गेले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, दोन कपाटं, मधे टेबल. कपाटात एक मोठं काचेचं पात्र होतं, गोल, उथळ. मला हवं तसं. काचेतून मुलांना चारी बाजूंनी दिसणार. मी ते मागितलं, शिपायाने काढून दिलं. मी ते धुतलं, दोन्ही बरण्यांतलं पाणी त्यात ओतलं आणि ससा अलगद सोडला. त्याने अंग पसरलं. काचेतून ते निळे ठिपके दिसायला लागले आणि मला वाटलं, झालं. आता मी काही बोलले नाही तरी चालेल, हाच शिकवेल.

तेवढ्यात मराठी शिकवणाऱ्या बाई आत आल्या. चाळिशीच्या, गोड बोलायच्या. गावातल्या चांगल्या घरातल्या. "अगंबाई, हे काय हो? कित्ती वेगळं आहे! हात लावला तर चावतं का?"

"नाही चावत. मुलांना हात लावायला देणार आहे."

"पाण्यात हात घालून?"

"हो. पाण्याबाहेर काढला तर गळून पडतो."

"पाणी कुठलं हो हे?"

"समुद्राचं. काल रेवदंड्याहून आणलं. रात्री घरी होतं."

"घरी म्हणजे, तुमच्याकडे."

"हो."

"बरं बरं," म्हणाल्या आणि पदर सावरत गेल्या.

मग मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. सर्टिफिकेटं बघायची होती. चेअरमन यायचे होते. त्यांची भाताची गिरणी, शेती, रसायनीच्या बाजूला टेंपो. आल्यावर त्यांना चहा झाला. मला बाकावर बसवलं होतं. चहा मला कुणी विचारला नाही आणि मी अपेक्षाही केली नव्हती. तेवढं मला कळत होतं. चेअरमन माझ्या सर्टिफिकेटांवरून बोट फिरवत म्हणाले, "फर्स्ट क्लास? आपल्यातल्या पोरांना मिळत नाय." मग मुख्याध्यापकांकडे वळून, "यांना सवलत असती ना मार्कांत?"

"मार्कांत नसते," मी म्हटलं. "मार्क स्वतः मिळवावे लागतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुख्याध्यापक घाईने म्हणाले, "चला, तास सुरू होईल."

मी त्यांच्या पुढे प्रयोगशाळेत गेले. मुलं अजून बाहेर रांगेत होती. टेबलाशी गेले आणि मला आधी कळेचना की काय बदललंय. पाणी जांभळं झालेलं होतं. फिकट, पण जांभळं. आणि ससा तळाशी नव्हता, मधेच लोंबकळत होता, पाण्यात सुटलेल्या गाठोड्यासारखा. अंग फुगलेलं. झिरमिळ्या ताठ. पाठीवरची चीर घट्ट मिटलेली. मी पाण्यात बोट घातलं आणि जिभेला लावलं.

खारट नव्हतं. म्हणजे किंचित होतं. आमटीला मीठ कमी पडलं की लागतं तेवढं.

शिपाई दारात उभा होता. मी विचारलं, "पाणी कोणी बदललं?"

तो खाली बघायला लागला. बाई मागून आल्या आणि त्याच बोलल्या. लपवायचं असं त्यांच्या मनात काहीच नव्हतं. "मीच सांगितलं हो त्याला. मुलं हात घालणार, त्यात सोवळ्यातल्या घरच्या मुली आहेत, उद्या कुणी पालक आला म्हणजे? आणि काही काळजी करू नका, विहिरीचं ताजं पाणी घातलंय. मूठभर मीठ पण घातलंय की. खारंच आहे ते."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी विचार केला होता. नीट विचार केला होता. समुद्राचं पाणी ओतून टाकायचं कारण ते एक रात्र आमच्या ओट्यावर होतं. पण प्राणी खाऱ्या पाण्यातला, तर मग स्वच्छ विहिरीचं स्वच्छ पाणी घ्यायचं, त्यात वाण्याकडचं मीठ टाकायचं, की झाला तुमचा समुद्र. हे गाढवपण नव्हतं. अशी पाण्याची उस्तवार त्या जन्मभर करत आल्या होत्या. कुणी शिवलेलं ओतायचं, दुसरं भरायचं, कुणाला लागू द्यायचं नाही. त्यांच्या हाताला ते वळण होतं. फक्त समुद्रात किती मीठ असतं ते त्यांच्या जिभेला कधी लागलं नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "तो मरतोय."

"मरतोय? अहो, चांगलं पाणी आहे!"

"जुनं पाणी कुठे ओतलं?"

"झाडांना," शिपाई हळू आवाजात म्हणाला. "आळ्यात."

झाडंही मरणार होती, पण ते मी बोलले नाही. समुद्र तिथून पुष्कळ लांब होता. मी मुठी-मुठीने मीठ घातलं असतं, पण गोडं पाणी एकदा एवढं अंगात भरलं की जीव परत सावरत नाही, आणि मुलं आत येत होती.

चेअरमन आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. बाई त्यांच्या शेजारी. मी फळ्यावर विषय लिहायला खडू घेतला आणि ठरवलेला पाठ सोडून दिला. मी मुलांना टेबलाभोवती गोळा केलं आणि म्हटलं, "हा समुद्रातला प्राणी आहे. सकाळी मी आणला तेव्हा तो यात चालत होता. आता तो मरतोय. का मरतोय ते आपण शोधू."

मुलं पात्रावर वाकली. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या मामाकडं पेनला बांध फुटला नि खाडीचं पानी शेतात शिरलं. सगळं भात करपलं."

"का करपलं?"

"मीठ लागलं."

"बरोबर. भाताच्या मुळातलं पाणी त्या मिठाने बाहेर ओढून घेतलं. आता उलटा विचार कर. याच्या अंगात समुद्राइतकाच खारटपणा आहे. बाहेर गोडं पाणी आलं. मग काय होईल?"

ती डोळे बारीक करून विचार करत होती. "मंग पानी आत जाईल."

"जात राहील. बघा किती फुगलाय. याला परासरण म्हणतात. तुमच्या पुस्तकात आहे, बटाट्याचं चित्र काढून. बटाटा मरताना दिसत नाही, म्हणून लक्षात राहत नाही."

मी त्यांना ते निळे ठिपके दाखवले, ते मंदावत चालले होते. शाई का सोडली ते सांगितलं, घाबरला की सोडतो. एका मुलाने बोटाने झिरमिळीला हात लावला आणि पटकन काढून घेतला. मी आजवर शेकडो तास घेतले. त्या तासाइतका चांगला मी दुसरा घेतला नाही, हे मी कुठेही सांगेन.

मग त्याच मुलाने विचारलं, "पन बाई, यात गोडं पानी घातलं कुनी?"

मागे बाक करकरला. मला गप्प बसता आलं असतं. कुणीही शहाणी मुलगी बसली असती. मी म्हटलं, "मी समुद्राचंच पाणी आणलं होतं. ते रात्री आमच्या घरी होतं. आमच्या घरी राहिलेल्या पाण्यात तुम्ही हात घालू नये, असं इथे ठरलं. म्हणून बदललं."

मुलं आपापल्या पायांकडे बघायला लागली. आमच्या वस्तीतली दोन मुलं दाराजवळ उभी होती, तीच तेवढी माझ्याकडे बघत होती.

"पुरे," चेअरमन उठले. "झाला पाठ."

ऑफिसात परत गेलो तेव्हा चेअरमन मला अगंतुगंवर आले. मराठीच्या बाईंना ते अहो म्हणायचे. "शिकवतेस चांगलं गं. पन तोंड लई हाय तुला. पोरांसमोर शाळेची अब्रू काढलीस."

"मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं."

मुख्याध्यापकांनी हात चोळले. ते वाईट माणूस नव्हते, आणि हेच मला जास्त लागलं. "बाई, मी पण काय करू सांगा. तुम्ही जिवंत प्राणी दाखवते म्हणालात. कमिटीसमोर प्राणी मेलेला. प्रात्यक्षिक फसलं असंच म्हणावं लागणार ना?"

"तो मारला कुणी, सर?"

"मारला असं कशाला म्हणता? पाणी बदललं फक्त."

"मग जागेचं काय?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "योग्य उमेदवार मिळाला नाही, असा शेरा जाईल. दोन-तीनदा असा शेरा गेला की जागा खुली होते. नियम आहे तसा. मी केलेला नाही." राखीव जागा अशाच भरतात, म्हणजे भरत नाहीत, हे मी ऐकून होते. आपल्या डोळ्यांसमोर होताना बघितलं नव्हतं.

मी बरण्या उचलल्या. एक खरी गोष्ट सांगते. मला तो ससा न्यायचा होता. घरी माझ्याकडे कॉलेजातून आणलेलं थोडं स्पिरिट होतं. त्याला ठेवला असता, पुढे कधीतरी चिरून त्याचे कल्ले बघितले असते. एवढ्या लांबून आणलेला जीव, निदान वाया जाऊ नये. मी प्रयोगशाळेकडे निघालेच होते, तेवढ्यात मुख्याध्यापक मागून म्हणाले, "आणि बाई, जाताना ते मेलेलं तेवढं घेऊन जा. इथे कुणी हात नाही लावणार त्याला."

माझे पाय थांबले.

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या आज्याने जन्मभर गावातली मेलेली गुरं ओढली. बैल मेला की गावातून हाक यायची आणि आजा दोर घेऊन जायचा. न जाऊन चालत नव्हतं. धर्म बदलला त्या वर्षी माझ्या वडिलांनी आणि वस्तीतल्या सगळ्यांनी सांगितलं, आता तुमचं मेलेलं तुम्ही उचला. गावाने दळण बंद केलं, वाट अडवली, मजुरी बंद केली. वडील त्यानंतर रेल्वेत लागले. मेलेलं न उचलणं हे आमच्या घरातलं पहिलं शिक्षण. माझी बी.एस्सी. त्याच्या नंतरची.

"नाही नेणार, सर," मी म्हटलं.

"अहो, तुम्हीच आणलंत ना?"

"मी जिवंत आणलं होतं."

आणि मी निघाले. तो देखणा प्राणी त्या जांभळ्या पाण्यात सोडून निघाले. दारातून मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उचलला असता.

घरी आईला सांगितलं. ती "मी म्हनले व्हते" असं म्हणाली नाही. बरण्या हातातून घेतल्या आणि पालथ्या घातल्या. वडिलांनी सगळं ऐकलं, चेअरमन काय म्हणाले ते पुन्हा विचारून घेतलं, आणि बिडी न पेटवता तशीच धरून बसले.

दोनेक दिवसांनी तो शिपाई सायकलवरून वस्तीत आला. घामाने निथळत होता. वडील ओट्यावर होते, मी आत. आईने तांब्या पुढे केला. "नको, आत्ताच प्यालो," म्हणाला. हायवेवर कुठे प्यायला होता कोण जाणे.

"सायबांनी निरोप दिलाय," तो वडिलांना म्हणाला. "प्रयोगशाळंत लई वास सुटलाय. ते उचलायला कुनाला तरी धाडा."

"कोन सायब? ज्यांनी माझ्या पोरीला जागा नाय दिली ते?"

"मी निरोप्या हाय, दादा."

"मंग निरोप ने. ज्यानं पानी बदललं त्यानं उचलावं."

शिपायाने सायकलचं हँडल धरलं. "पानी मीच बदललं व्हतं," म्हणाला. "बाईंनी सांगितलं म्हनून. म्हंजे मलाच उचलाया लागनार."

"मंग उचल," वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "उचल आनि घरी जाऊन सांग, आज मी काय केलं. बघ तुला घरात घेत्यात का."

तो सायकल वळवून गेला. त्याच्यावर माझा राग नव्हता, पण दयाही आली नाही. ते काम एकदा गावातल्यांच्याही वाट्याला यायला हवं होतं.

वडील आत आले. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. "आता कुठं हाय गं मुलाखत?"

"मोहोपाड्याला. कारखान्याची शाळा आहे."

"तिथं काय दाखवनार?"

"काही नाही," मी म्हटलं. "तक्ता नेईन."

आणि तक्ताच नेला. नोकरी मिळाली.